गाडी बंद पडते, पण नेमकी कधी?

वाचकांचे प्रश्न : जुनी सेडान

या महिन्याच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आहे. घरची जुनी सेडान चालता चालता बंद पडते, गॅरेजमध्ये अंदाजाने एकेक पार्ट बदलला जातो, बिलं वाढतात आणि गाडी पुन्हा तशीच बंद पडते. पंधरा वर्षांनी आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतलेल्या अशा गाड्या नाशिकमध्ये पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच इंजिनांत अजून दम आहे. ती केवळ चुकीच्या निदानापायी भंगारात जाऊ नयेत, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून निवडक पत्रांना सविस्तर उत्तरं देत आहोत.

प्रश्न : २००५ची पेट्रोल सेडान, सव्वा लाख किलोमीटर झालेली. सकाळी ऑफिसला जाताना काही त्रास नाही. मुंबईहून येताना कसारा घाट चढून आलं, किंवा उन्हात द्वारका चौकाच्या कोंडीत अर्धा तास गेला, की इंजिन एकदम बंद. सेल्फ मारला की फिरतं, पण स्टार्ट होत नाही. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. प्लग, वायरी, पेट्रोल पंप सगळं नवं टाकलं. आता ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदला म्हणतात.
– इंदिरानगर

उत्तर : ईसीएमला इतक्यात हात लावू देऊ नका. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर आपोआप चालू, या लक्षणाला आधी क्रँक सेन्सर तपासायचा. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, नेमका कुठे आहे हे हा सेन्सर ईसीएमला सांगतो. तो गप्प झाला की ईसीएमच्या लेखी इंजिन थांबलेलंच असतं, म्हणून ते स्पार्कही बंद करतं आणि पेट्रोलही. सेन्सरच्या आत केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन त्या तारेला चीर पडते. गरम झालं की चीर उघडते, गार झालं की पुन्हा जुळते. गॅरेजमध्ये गाडी पोहोचते तेव्हा ती गार झालेली असते, त्यामुळे दोष सापडत नाही.

तुमचा पंप का बदलला गेला, त्याचंही कारण इथेच आहे. चावी ऑन केली की पंप साधारण दोन सेकंद चालून थांबतो. पुढे सेल्फ मारताना क्रँकचा सिग्नल आला तरच ईसीएम पंप चालू ठेवतं. सिग्नल नसेल तर चांगला पंपही गप्प बसतो, आणि मेकॅनिक म्हणतो ‘पेट्रोल येत नाही, पंप गेला’. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की लगेच काच बंद करा, चावी ऑन करा आणि मागच्या सीटकडे कान द्या. दोन सेकंद गुंऽऽ असा आवाज आला तर पंप आणि त्याचा रिले (पंपाला वीज देणारा स्विच) बहुधा ठीक आहेत.

दुसरी खूण आरपीएमच्या काट्याची. गाडी गिअरमध्ये असताना इंजिन बंद पडलं तरी चाकं ते फिरवत असतात. अशा वेळी काटा एका झटक्यात शून्यावर पडला तर सिग्नल किंवा इग्निशनचा सप्लाय तुटला असं समजा. गाडी आधी आचके देत, दम सोडत गेली आणि काटा हळूहळू उतरला तर पेट्रोलच्या बाजूला शोधा. सेल्फ मारतानाही काटा २००-३०० पर्यंत थरथरायला हवा. काही गाड्यांत तो चांगल्या दिवशीही हलत नाही, म्हणून गाडी ठीक असताना एकदा बघून ठेवा.

आता तपासणी. सेन्सर गिअरबॉक्सच्या घंटीच्या आकाराच्या आवरणापाशी किंवा पुढे क्रँक पुलीच्या मागे असतो. सॉकेट काढून आत बघा. पिना हिरवट पडलेल्या, वायरीचं प्लास्टिक वाकवलं की तडतड मोडणारं, किंवा सॉकेटमध्ये ऑइल उतरलेलं दिसलं तर नवा सेन्सर टाकूनही त्रास जाणार नाही. आधी ऑइल सील आणि वायर दुरुस्त करा. दोन पिनांचा सेन्सर असेल तर मल्टिमीटरने ओहम मोजा. बऱ्याच गाड्यांत आकडा काहीशे ते हजारभर ओहमच्या पट्ट्यात येतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. मग हेअर ड्रायरने पाच-सात मिनिटं गरम करून पुन्हा मोजा. तांब्याची तार तापली की रोध थोडा वाढतोच. २० वरून ८० अंशांवर गेल्यावर साधारण पावपट वाढ नॉर्मल आहे. आकडा उड्या मारू लागला किंवा मीटरने ‘ओपन’ दाखवलं तर सेन्सर गेला. तीन पिनांचा सेन्सर असा ओहमवर मोजू नका. त्याला सप्लाय, अर्थ आणि सिग्नल वेगवेगळे तपासावे लागतात.

रस्त्यावरची सोपी चाचणी म्हणजे गाडी बंद पडल्यावर हात पोहोचत असेल तर सेन्सरवर ओलं फडकं धरणं. वीस मिनिटांऐवजी तीन-चार मिनिटांत स्टार्ट झाली तर संशय जवळपास पक्का. पट्टे आणि पंख्यापासून हात लांब ठेवा. काही गाड्यांत पंखा चावी बंद असतानाही फिरू लागतो. नवा सेन्सर बसवताना टोक आणि दातेरी चाक यांच्यात साधारण १ मिलिमीटर फट राहते. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा भुगा पुसून घ्या आणि बोल्ट हलकाच कसा. स्वस्तातला पार्ट इथे घेऊ नका.

गाडीला डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटणारा भाग) असेल तर हेच लक्षण आतल्या इग्नायटरमुळेही येतं. कॅप उघडून आत ऑइल आहे का ते पाहा. असेल तर शाफ्टचं सील गेलंय. इग्नायटर बदलताना त्याच्या बुडाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायला सांगा. ती विसरली तर नवा इग्नायटरही लवकर जातो.

प्रश्न : सिग्नलला थांबलं, क्लच दाबून न्यूट्रल केलं की गाडी बंद. एसी लावला तर हमखास. मुंबई नाका ते सीबीएस तीन वेळा सेल्फ मारावा लागतो. एका गॅरेजने रेस वाढवून दिली, आठवडाभर बरं होतं.
– गंगापूर रोड

उत्तर : रेस वाढवली म्हणजे बहुधा थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) स्टॉप स्क्रू फिरवला. तो पहिल्यांदा जागेवर आणून घ्या. स्क्रू फिरवल्यावर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही, थ्रॉटल सेन्सर ‘पाय अजून ॲक्सिलरेटरवर आहे’ असं कळवत राहतो आणि ईसीएम आयडलिंग सांभाळायचं सोडून देतं. बहुतेक जुन्या गाड्यांत थ्रॉटल मिटलेला असताना या सेन्सरचा व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास हवा.

मूळ दुखणं बहुधा कार्बनचं आहे. एअर फिल्टरपासून येणारा रबरी पाइप काढून आत टॉर्च मारा. फुलपाखराच्या, म्हणजे त्या पितळी चकतीच्या कडेला काळं, चिकट कडं दिसेल. आयडलिंगला जेवढी हवा जायला हवी, तेवढी फट या कड्यानेच बुजलेली असते. इंजिन गार असताना थ्रॉटल क्लीनर सुती फडक्यावर मारून चकतीच्या दोन्ही बाजू आणि कडा पुसा. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. थ्रॉटल केबलऐवजी मोटरवर चालणारा असेल तर चावी ऑन असताना त्यात बोट घालू नका.

त्याच्याच अंगाला आयडल एअर व्हॉल्व्ह असतो. तो सोडवून साफ करताना मोटर वर आणि टोक खाली धरा, नाहीतर क्लीनर मोटरमध्ये उतरतो आणि व्हॉल्व्ह कायमचा जातो. ओ-रिंग नवी टाका. हे झालं की बॅटरीची निगेटिव्ह दहा-पंधरा मिनिटं काढून ठेवा, पुन्हा जोडा आणि एसी, दिवे, पंखा काही न लावता इंजिन दहा मिनिटं आयडलिंगला चालू ठेवा. काही मॉडेलना हे शिकवणं स्कॅनरनेच करावं लागतं. रेडिओला कोड असेल तर बॅटरी काढण्याआधी तो हाताशी ठेवा. गरम इंजिनाला ७५० ते ८५० आरपीएम आणि एसी लावल्यावर शंभर-दीडशे जास्त, इतकं असलं की ठीक.

तरीही बंद पडत असेल तर बाहेरची हवा ओढली जातेय का ते पाहा. जुने व्हॅक्यूम पाइप टोकाला फाटतात. इंजिन चालू ठेवून मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या फाट्याच्या) गॅस्केटवर आणि पाइपांच्या जोडांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. स्पार्कच्या वायरी आणि कॉइल टाळा. जिथे मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलेल, तिथे गळती. काही मेकॅनिक यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. गरम इंजिनावर ते करू देऊ नका, भडका उडतो.

एक चाचणी मात्र आजच करा. आयडलिंगला ब्रेक पेडल दाबून धरा. त्याच क्षणी इंजिन बंद पडायला आलं आणि फुसऽऽ आवाज आला, तर ब्रेक बूस्टरचा (व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) पडदा फाटलाय. मग हा ब्रेकचा दोष आहे. तो दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी नाशिक रोड स्टेशनबाहेर उन्हात गाडी लावली की परत आल्यावर स्टार्ट होत नाही. कधी झाली तर शंभर फुटांवर बंद. संध्याकाळी बिनबोभाट चालू.
– जेल रोड

उत्तर : हा प्रश्न वरच्या इंदिरानगरच्या पत्रासारखा दिसतो, पण फरक मोठा आहे. इथे इंजिन नव्हे, केबिन तापलंय. म्हणून संशय डॅशबोर्डच्या खाली बसवलेल्या मेन रिलेवर. एकेकाळच्या होंडा सिटीत हा दोष ओळखीचा आहे आणि इतर गाड्यांतही आढळतो. रिलेच्या आतल्या सर्किटच्या पाटीवरच्या सोल्डरच्या डागाला केसासारखी गोल भेग पडते आणि उष्णतेने ती फाकते. चावी ऑन केल्यावर ‘टक्’ आवाज आणि पंपाची गुणगुण दोन्ही नसतील, तर दारं उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या. मग चालू झाली तर रिलेच. चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला जुने डाग पुन्हा वितळवून देतो, पण कायमचा उपाय नवा रिले. रिले बायपास करून पंपाला थेट वायर जोडून घेऊ नका. अपघातात इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल फेकत राहील.

प्रश्न : सीएनजी किट बाहेरून बसवलेलं आहे. पेट्रोलवर ठीक, सीएनजीवर पाय काढला की बंद. थंडीत पहाटे जास्त.
– सातपूर

उत्तर : पहाटे बंद पडल्यावर बॉनेट उघडून रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) हात लावून बघा. त्यावर दव गोठल्यासारखा पांढरा थर दिसला तर उत्तर मिळालं. टाकीतला सुमारे २०० बारचा गॅस एकदम पसरताना कडाक्याचा गार होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. कूलंट कमी असेल, पाइपात हवा अडकली असेल किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला असेल तर पाणी तापतच नाही. ‘आपल्याकडे थर्मोस्टॅट लागत नाही’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि नाशिकच्या डिसेंबरात तर फारच महागात पडतो. तो परत बसवा.

रिड्यूसर गरम असूनही बंद पडत असेल तर क्रमाने बघा : किटचं गॅस फिल्टर, गाडीचं एअर फिल्टर, मग प्लग. सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं. पेट्रोलसाठी १ ते १.१ मिलिमीटर असलेली प्लगची फट सीएनजीवर ०.७ ते ०.८ ठेवली की मिसिंग बरंच कमी होतं.

त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यातली फट. सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीटची झीज जास्त होते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होत जाते. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि आयडलिंग ढासळतं. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून सगळं छान असं समजू नका. घट्ट टॅपेट शांतच असतो. स्क्रूचे टॅपेट असतील तर दर २०,००० किलोमीटरला इंजिन गार असताना फीलर गेजने मोजून घ्या.

टाकीत पाव तरी पेट्रोल ठेवा आणि रोज दहा मिनिटं पेट्रोलवर चालवा. पंप पेट्रोलनेच गार राहतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे. हाय प्रेशरचा कुठलाही नट रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये सैल करू देऊ नका.

प्रश्न : गाडी रविवारीच निघते. पावसाळा सुरू झाल्यापासून आचके देते, चढावर दम तुटतो, मग बंद. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे असं होतं का?
– देवळाली कॅम्प

उत्तर : काही अंशी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी उभी राहिली, झाकणाचं रबर कडक झालेलं असलं, की दमट हवेतलं पाणी टाकीत जमत जातं. प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि पंपाची जाळी तिथेच असते. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई२० साठी बनवलेल्या नाहीत. त्यांत रबरी पाइप लवकर खराब होऊ शकतात आणि टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो.

टाकीच्या तळातून पाव लिटर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा रेघ दिसली तर टाकी उतरवून साफ करा, फिल्टर बदला, पंपाची जाळी बदला. नवे पाइप घेताना इथेनॉलला चालणारे, ‘जे३० आर९’ छाप असलेले मागा. फ्युएल प्रेशर गेज लावून घ्या. जुन्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत अडीच ते तीन बार दाब अपेक्षित असतो, आणि चढावर तो टिकतो का हे गाडी चालवतच बघावं लागतं. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढल्यावर त्यात पेट्रोलचा थेंब दिसला तर रेग्युलेटर फाटलाय.

आणखी एक. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडताना जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी नीट चालली, तर टाकीचा हवेचा मार्ग तुंबलाय. उभ्या गाडीच्या अशा नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं गाडी फिरवा.

प्रश्न : घाटात टेंपरेचरचा काटा लालवर गेला आणि गाडी बंद पडली. आता स्टार्ट होते पण थरथरते, पाणी कमी होतं. गॅरेजमध्ये इंजिन पूर्ण बांधायला सांगतात. खरंच गरज आहे का?
– सिन्नर

उत्तर : कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, पंप आणि इग्निशनचे फ्यूज काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेऱ्या सेल्फ मारून आकडे कागदावर लिहून मागा. धडधाकट पेट्रोल इंजिनात १७० ते १९० पीएसआय मिळतात. चारही सारखे असणं अधिक महत्त्वाचं. फरक १५ पीएसआयच्या आत हवा. ज्या सिलिंडरचा आकडा कमी, त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंग आणि बोअरचा. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा). शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट गेलंय.

तुमच्या वर्णनावरून गॅस्केटचाच संशय येतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइलच्या झाकणाला सायीसारखा पिवळट थर, सकाळी एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ही त्याची लक्षणं. मग हेड उतरवून पट्टी आणि फीलर गेजने सपाटी बघायची. ०.०५ मिलिमीटरहून जास्त बाक असेल तर फेसिंग करून (मशीनवर सपाट करून) घ्या. हेडचे बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच आवळायला हवेत, ‘हाताच्या अंदाजाने’ नाही. इतकं केल्यावर बोअर चांगला निघाला तर खालचं इंजिन उघडायचं कारण नाही. पण मूळ कारण शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका : पंखा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, तुंबलेला रेडिएटर. साधं पाणी ओतू नका, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं.

हेड उतरतंय तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि ऑइल सील त्याच वेळी नवे टाका. बेल्टचं आयुष्य मॉडेलनुसार ८०,००० ते १,००,००० किलोमीटर किंवा साधारण पाच वर्षं, जे आधी होईल ते. चालता चालता बेल्ट तुटला तर सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो. तो आवाज ओळखा आणि पुन्हा सेल्फ मारू नका. वाकलेले व्हॉल्व्ह आणखी वाकतील.

प्रश्न : घाटात गाडी बंद पडलीच तर त्या क्षणी काय करावं? आई-वडील आणि लहान मुलं गाडीत असतात.
– पाथर्डी फाटा

उत्तर : ब्रेक पंप करू नका. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतंच व्हॅक्यूम उरतं. एकदाच, सलग आणि जोरात दाबून गाडी डाव्या कडेला घ्या. नंतरही ब्रेक लागतो, पण पेडल दगडासारखं कडक होतं, पूर्ण जोर लावावा लागतो. स्टिअरिंगही जड होईल. चावी लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग अडकेल. उतारावर गाडी चालती असेल तर गिअर काढू नका.

थांबल्यावर हँडब्रेक, चढावर पहिला आणि उतारावर रिव्हर्स गिअर, चाकाखाली दगड, चारही इंडिकेटर. माणसांना गाडीत बसवून ठेवू नका. रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे जागा सुरक्षित असेल तिथे उभं करा. लाल त्रिकोण ५० मीटर मागे, आणि मागे वळण असेल तर वळणाच्या पलीकडे, म्हणजे येणाऱ्या ट्रकला वळायच्या आधीच दिसेल असा ठेवा. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर, पोलीस आणि रुग्णवाहिका ११२ वर. टेंपरेचरचा काटा लालवर असेल तर पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आणि टो-व्हॅन येईपर्यंत मोबाइलमध्ये टिपून ठेवा : इंजिन गरम की गार, एसी चालू की बंद, चढ की सपाट, पेट्रोल किती, आरपीएमचा काटा झटक्यात पडला की हळूहळू. या पाच ओळी मेकॅनिकच्या हातात द्या.